आठ अक्षरांतले आजोबा

माझ्या आजोबांचं नाव बापू नव्हतं. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, म्हणजे पुढचं कुणी वाचो न वाचो, एवढं तरी डोक्यात राहील. गेल्या वर्षी आमच्या कोळीवाड्यातल्या एका पोराने मला मोबाईलवर एक फोटो पाठवला. खाडीत होडी, होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर उभा एक उघडा माणूस, हातात लांब वेळू, मागे टोपी घातलेला साहेब बसलेला. खाली लिहिलेलं, 'बापू कोळी, नावाडी, ठाणे खाडी.' ज्याने तो इंटरनेटवर टाकला होता त्याला मी शोधून काढलं आणि फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, एका शाळेच्या जुन्या सीडीत असंच लिहिलेलं होतं. आम्ही आमच्या मनाचं काही घालत नाही." मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. बर्फ आणि मासळीच्या धंद्यात मी स्वतःच्या हिमतीवर उभी राहिले, माझ्याशी भाव करायला बसणारी माणसं आधी पाणी मागतात. पण त्या सीडीपुढे माझं अजून काही चाललेलं नाही.

आमचं घर खाडीच्या अगदी काठाला, दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत देव्हारा, बाबांची सायकल आणि भिंतीवर उंच टांगलेला तो फोटो. मागच्या खोलीत चूल, नंतर गॅस आला तरी चूल राहिलीच, कारण भाकरी आजीला चुलीवरचीच लागायची. पुलावरून गाडी गेली की मांडणीवरची भांडी किणकिणत. अंगणात सुकट वाळत असे, तिचा वास माझ्या गणवेशाला यायचा आणि नौपाड्यातल्या शाळेत माझ्या बाकावर बसायला मुली नाखूश असायच्या. मला त्याचं वाईट वाटायचं नाही, राग यायचा. दोन्हींत फरक आहे आणि तो मला लहानपणीच कळला होता. बाबा कळव्याला कारखान्यात फिटर होते. आई डोक्यावर पाटी घेऊन नौपाड्याच्या गल्ल्यांतून मासळी विकायची. रविवारी मी तिच्याबरोबर जायची, कारण आईला भाव करता यायचा नाही. समोरच्या बाईने तोंड वाकडं केलं की ती लगेच उतरायची. मी उतरायची नाही. पापलेट शेपटीला धरून बाईच्या नाकासमोर उभं करायचं, गप्प राहायचं आणि आधी तिला बोलू द्यायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

घरी आजी असायची. दिवसभर ओसरीवर बसून ती जाळ्याची भोकं सांधायची, नाहीतर खाडीतली निवटी राखेत घोळून साफ करायची. चिखलात उड्या मारणारी ही मासळी, हातातून सटकन निसटते, पण आजीच्या हातून एकही सुटायची नाही. तिचं निवट्यांचं कालवण, वर चिंचेचा कोळ, सोबत तांदळाची भाकरी. आज माझ्याकडे शीतगृह आहे, पाहिजे ती मासळी पाहिजे तेव्हा मिळते, पण निवटी आणायला मी अजून स्वतः खाडीवर जाते. आजोबा मी पाहिले नव्हते. बाबा लहान असतानाच ते गेले. घरात त्यांचा तेवढा एकच फोटो. खाडीवर कसलं तरी बांधकाम निघालं होतं तेव्हा पाण्याची खोली मोजायला साहेबांनी आजोबांची होडी घेतली होती, आणि काम संपल्यावर त्या साहेबाने तो फोटो आठवण म्हणून पाठवला होता. फोटोच्या मागे काही लिहिलेलं नव्हतं.

शाळेत इतिहासाचा तास मधल्या सुट्टीनंतर असायचा. पोटात डबा, वर पंखा, आणि लेले सरांचा एकसुरी आवाज. सर पुण्याकडचे, उंच, किरकोळ, शर्टाच्या खिशात दोन पेनं. ते प्रश्नोत्तरं सांगायचे, आम्ही उतरवून घ्यायचो. सनावळ्या पाठ करायच्या, परीक्षा झाली की विसरायच्या. नववीच्या सहामाहीत मला इतिहासात शंभरपैकी एकोणीस मिळाले तेव्हा सरांनी पेपर देताना विचारलं, "वनिता, तुला या विषयाबद्दल काहीच वाटत नाही का?" मी म्हटलं, "सर, त्यात आमचं कोण आहे?" वर्ग हसला. मी ते उद्धटपणाने बोललेले, पण सर हसले नाहीत.

त्याच वर्षी शाळेला एका कारखानदाराने जुना संगणक दिला. प्रयोगशाळेशेजारच्या अडगळीच्या खोलीला रंग दिला, खिडक्यांना पडदे लागले, संगणकावर फुलाफुलांचं प्लास्टिकचं आवरण चढलं. चपला बाहेर काढून आत जायचं. शिपाई शांताराम दारातच उभा असायचा, देवळातल्या पुजाऱ्यासारखा. आम्हाला वाटलं, आता खेळ खेळायला मिळणार. लेले सरांनी मात्र स्वतःच्या ओळखीतून एक स्कॅनर मिळवला, सपाट पेटीसारखा. झाकण उघडून कागद पालथा ठेवायचा, आतून उजेडाची पट्टी सरकत जायची आणि तोच कागद पडद्यावर उमटायचा. सर म्हणाले, "आपण संगणकातलं ग्रंथालय करायचं. ठाण्याचा इतिहास पुस्तकात दीड पान आहे. बाकीचा तुमच्या घरांत, ट्रंकांत पडलाय. घेऊन या." डिजिटल लायब्ररी हा शब्द आम्ही तोपर्यंत ऐकला नव्हता. आज त्या नावाने केवढाली कामं चालतात, माझी मुलगी घरबसल्या कुठल्या कुठल्या देशांतली जुनी पुस्तकं उघडून वाचते. आमच्या ग्रंथालयात पहिल्या आठवड्यात एक रेशनकार्ड, एक लग्नपत्रिका आणि आंबिवलीच्या कुणाच्या तरी मामाचं गिरणीचं ओळखपत्र एवढंच होतं.

पण ते वेड पसरलं. फोटो पडद्यावर एकदम यायचा नाही, वरून खाली रेघेरेघेने उतरायचा. आधी आभाळ, मग एखाद्याचं पागोटं, मग कपाळ. तेवढ्यात पोरं ओरडायची, "सर, पोलीस!" "पोलीस कुठला, बँडवाला आहे तो!" सर कधी उत्तर सांगायचे नाहीत. "का वाटतं तसं? बटणं बघ. बूट बघ," एवढंच म्हणायचे. ज्या माणसाच्या तासाला आम्ही झोपायचो त्याच्या खोलीबाहेर मधल्या सुट्टीत रांग लागायला लागली. कुणी आजोबांची सनद आणली, कुणी मिठागराची पावती, कुणी शाळेची पाटी आणली आणि ती स्कॅनरमध्ये बसेना म्हणून रडलं. मी सगळं बघत होते. आपल्याकडे काय माल आहे आणि त्याची किंमत काय, हे मला ठाऊक होतं.

एक दिवस मी सरांना म्हटलं, "माझ्याकडे खाडीचा फोटो आहे. साहेब आहे त्यात, होडी आहे. पण देणार नाही."

"मग सांगतेस कशाला?"

"पूर्ण एक तास माउस माझ्या हातात पाहिजे. मी चालवणार, बाकीच्यांनी बघायचं."

सर म्हणाले, "अर्धा तास."

"मग फोटोही अर्धाच आणते, सर. होडी आणते, साहेब घरी ठेवते."

सरांना हसू आवरेना. तास कबूल झाला. पण बाबा एकुलता एक फोटो माझ्या हाती सोडायला तयार नव्हते, म्हणून सर स्वतः रविवारी सकाळी लुनावरून आमच्याकडे आले. नेमकी त्या वेळी मी आईबरोबर नौपाड्यात होते आणि बाबा पाळीवर. घरी आजी एकटी. तिने सरांना चहा पाजला, शेजारच्या पोराकडून भिंतीवरचा फोटो उतरवून घेतला, पदराने पुसला आणि त्यांच्या हातात दिला. सरांनी वही काढून विचारलं, "आजी, हे कोण?" आजीने जे सांगितलं ते सरांनी लिहून घेतलं. सगळं त्या एका ओळीत झालं, आणि मी तेव्हा कुणाच्या तरी दारात बोंबलांवरून भांडत होते.

त्या यंत्रात फाईलला नाव द्यायला फक्त आठ इंग्रजी अक्षरं मिळायची. सर नावांची काटछाट करत बसायचे, एखाद्या लांब आडनावाचं शेपूट कापावं लागलं की हळहळायचे. मला हे सगळं माहीत होतं, पण आमच्या फोटोचं नाव मी पाहिलं ते थेट पालकसभेच्या दिवशी. संगणक देणारे कारखानदार पाहुणे म्हणून आलेले, मोठ्या बाई पुढे, मागे आईबाप दाटीवाटीने उभे. माउस ठरल्याप्रमाणे माझ्या हातात. सर म्हणाले, "आता हा बघा आपल्या संग्रहातला सगळ्यात मोलाचा फोटो. आणि गंमत म्हणजे नाव बरोब्बर आठ अक्षरांत बसलं." मी बटण दाबलं. बी, ए, पी, यू, के, ओ, एल, आय. फोटो वरून खाली उतरायला लागला. भिंतीवर उंच टांगलेला असल्यामुळे मी तो जवळून असा कधी पाहिलाच नव्हता. आजोबांच्या बरगड्या, वेळूवरची मूठ, आणि शेवटी पाय. पायाची बोटं त्यांनी होडीच्या कडेला अशी रुतवली होती की हाताची बोटं वाटावीत. बाबांची बोटं तशीच आहेत. माझीही. आणि त्या पायांखाली ओळ आली, 'बापू कोळी, नावाडी, ठाणे खाडी.'

"हे खोटं आहे," मी म्हटलं.

"वनिता, पुढचा फोटो घे," सर म्हणाले.

"नाव खोटं आहे! माझे आजोबा आहेत ते. बापू नाही त्यांचं नाव, हाशा आहे. हाशा तांडेल. तुम्ही मनाने काहीही लिहिता? खोटारडे!"

सरांचे कान लाल झाले. मोठ्या बाईंनी माझं बखोट धरून मला बाहेर काढलं. माझ्या चपला शांतारामने आधीच सरळ करून ठेवल्या होत्या.

घरी तीन माणसांनी तीन गोष्टी सांगितल्या. आई म्हणाली, "सरांना उलट बोललीस? उद्या जाऊन पाया पड." बाबा म्हणाले, "जाऊ दे ना गो. बापू काय वाईट नाव हाय?" आणि आजीवर मी ओरडले, "तू नाव का नाय सांगितलंस त्यांना?" आजीने जाळ्यातून मान वर केली. "सांगितला ना. पोरांचा बापूस, असा बोलली मी."

मी तिथेच ओसरीवर बसले. आमच्यात बापाला बापूस म्हणतात. पुण्याच्या कानाला तो बापू ऐकू आला, वहीत बापू गेला, आणि कोळीवाड्यातला म्हणून कोळी. आजीने नवऱ्याचं नाव घेतलं नाही कारण ते ती घेणारच नव्हती. आमच्या वाड्यातली कुठलीही म्हातारी घेत नसे. सर इतिहासाचे शिक्षक, त्यांना एवढं कळू नये याचा मला राग आला. तो राग अजून आहे.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला संगणकाच्या खोलीत यायला बंदी केली, माफी मागेपर्यंत. मी म्हटलं, "मी माफी मागते. तुम्ही नाव बदला." सर म्हणाले, "इतिहास रागावर बदलत नाही. पुरावा आण." शिवाय एक नवीन गोष्ट कळली. डोंबिवलीत क्लास चालवणारा सरांचा एक जुना विद्यार्थी त्या संग्रहाच्या सीड्या काढून देत होता. पहिली खेप कल्याण-डोंबिवलीच्या शाळांना गेलेली होती, त्यावरचं अक्षर पुसता येत नाही. दुसरी खेप महिन्याअखेर निघणार होती, कळव्याच्या आणि इतर शाळांसाठी. म्हणजे पहिल्या खेपेत आजोबा बापू होऊन गेलेच होते, आणि आता माझ्या हातात जेमतेम तीन आठवडे होते. घरात बाबांचा शाळा सोडल्याचा दाखला होता. तो प्लास्टिकमध्ये घालून मी सरांपुढे ठेवला. वडिलांचं नाव, हाशा. सरांनी भिंग काढून तो उलटसुलट पाहिला. माझी आशा वाढली.

"दाखला अस्सल आहे," ते म्हणाले. "पण दाखल्यात फोटो नाही आणि फोटोत नाव नाही. कागदावर हाशा आणि घरात बापू, असं असू शकतं. माझ्या वहीत त्यांच्या पत्नीची साक्ष आहे, वनिता. ती मी कशी खोडू?"

"बापूस म्हणाली ती. बापूस म्हणजे बाप."

"हे तू सांगतेस. त्यांनी सांगायला हवं."

आज मला वाटतं, माणूस अडून बसला होता. चारचौघांत खोटारडा म्हटलेलं त्याला लागलं होतं आणि पुरावा हा शब्द त्याला सोयीचा पडला होता. पण हेही खरं की त्या तीन आठवड्यांत मी इतिहास म्हणून जेवढं शोधलं, विचारलं, वाचलं, तेवढं आधीच्या नऊ वर्षांत केलं नव्हतं. वाड्यातल्या प्रत्येक म्हाताऱ्याकडे मी जाऊन बसले. साहेब कोण, काम कशाचं, होडीत आणखी कोण होतं. एकाने सांगितलं, "हाशा काठी टाकून तळ सांगायचा, साहेबाच्या दोरीच्या आधी." ते मी वहीत लिहिलं, त्याचा अंगठा घेतला. सरांनी तेही वाचलं आणि म्हणाले, "उत्तम. आता आजींना आण."

आजी शाळेत यायला तयार नव्हती. तिच्याशी भाव करायला मला चार दिवस लागले. शेवटी, "फोटो एवढा मोठा दिसतो, पायाची बोटं पण दिसतात," असं सांगितल्यावर ती उठली. ठेवणीतलं हिरवं लुगडं, खांद्यावर फडकी, केसांत काही नाही. चपला तिने फाटकापाशीच काढल्या. सरांनी तिला संगणकासमोर खुर्ची दिली, तिच्यावर ती टोकाला बसली, आणि मी तीन आठवड्यांनी पुन्हा माउस धरला. फोटो उतरत गेला. पायांपर्यंत आला तेव्हा तिने हात पुढे केला आणि काचेला न लावता मागे घेतला.

सरांनी नीट, सावकाश विचारलं. "आजी, हे बापू ना?"

"हाव," आजी म्हणाली. "बापूस."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. दारातला शांताराम फिस्सकन हसला. आजी गर्रकन वळली. "दात कशाला काढतंस रं?"

आणि त्या क्षणी मला ते ऐकू आलं. जन्मापासून मी आजीच्या तोंडून हेच ऐकत आले होते. दात काढू नको, पोर दात काढतंय, सगळं गाव दात काढील. मी तिच्यासमोर जाऊन बसले आणि तोंडभर हसून दाखवलं. "आजी, मी काय करतंय?"

"दात काढतंस. येड लागला का तुना?"

"दात नको. दुसरा शब्द सांग. सगळी माणसं बोलतात तो."

आजीने माझ्याकडे पाहिलं, मग खाली. "मना नाय येत तो," ती म्हणाली.

"येत नाही की बोलायचा नाही?"

मी सरांकडे वळले. भांडायची तयारी होती माझी, हसणं म्हटलं तर हाशाचं नाव तोंडात येतं म्हणून ती दात काढणं म्हणते, अशी वाक्यंही ठरली होती. पण सरांनी वही मिटली होती. ते म्हणाले, "माझ्या वडिलांचं नाव माधव. आमची आई मधाला मध म्हणायची नाही. पोळ्यातलं म्हणायची. औषधाच्या वेळी आम्ही मुद्दाम विचारायचो, आई, कशात कालवून देऊ? ती म्हणायची, पोळ्यातल्यात." त्यांनी वही बाजूला सारली. "मी हे विसरलोच होतो."

मग ते कीबोर्डपाशी बसले. मी ठरल्याप्रमाणे माफी मागितली. त्यांनी मान हलवली. ते स्वतः 'चुकलं' असं मला त्या दिवशीही म्हणाले नाहीत आणि पुढेही कधी नाही. पुढे त्यांचं नाव झालं, त्या संग्रहाबद्दल त्यांचे सत्कार झाले, एका भाषणात त्यांनी बापूसची गोष्ट विनोद म्हणून सांगितली असंही मी ऐकलं. पहिल्या खेपेतल्या सीड्या परत मागवा, असं मी त्यांना दोनदा पत्राने लिहिलं. दुसऱ्या पत्राला उत्तर आलं नाही. मला इतिहासाची गोडी लावली ती त्यांनीच, हे मी नाकारत नाही. पण ज्याने पुरावा मोजून घ्यायला शिकवलं त्यानेच मापात कमी दिलं, हे माझ्या मनातून जात नाही.

त्या दिवशी मात्र आमची घासाघीस वेगळीच चालली होती. मला हाशा तांडेल पूर्ण हवं होतं. सर म्हणाले, "आठच. तांडेल अर्धं तुटतंय."

"तुटलेलं नको."

"मग काय करू? एच तांडेल करतो. सात होतात."

"नुसतं एच? त्यांना एच कोण म्हणत होतं?"

"तू सांग मग."

मी विचार केला. तांडेल वाड्यात घराघरात होते. "हाशा ठेवा. नुसतं हाशा."

"तीन जागा रिकाम्या राहतील."

"राहू देत."

सरांनी एकेक कळ दाबली. फोटोखालची ओळ पुसली आणि नवी लिहिली. मग आजीला वाचता येत नाही हे लक्षात येऊन ते खुर्ची वळवून तिच्याकडे बघत, वर्गात वाचतात तशा स्वच्छ आवाजात म्हणाले, "हाशा."

आजी खुर्चीवरून उठली. खांद्यावरची फडकी दोन्ही हातांनी सारखी केली, आणि संगणकापासून दोन पावलं मागे सरून, घरात मोठं माणूस आल्यासारखी बाजूला उभी राहिली. सर म्हणाले, "बसा ना आजी." ती बसली नाही.